बाहेरचा पार्टनर घ्यायचा, पण कसा?

  

मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये काम करते आणि एक प्रश्न मला सारखा ऐकू येतो: "एकदम चार कामं हातात आहेत, बाहेरचा पार्टनर घेऊ का?" माझं म्हणणं, जरूर घ्या. पण त्यानं करून दिलेलं काम तपासून जोडणारा माणूस आपल्याकडे आहे का, ते आधी बघा.

बोइंगचं ७८७ ड्रीमलायनर घ्या. पंख जपानमधून, सांगाड्याचे काही भाग इटलीतून. नुसते भाग नाही, बऱ्याचशा डिझाइनची जबाबदारीही पार्टनरांवर. खर्च वाटला जाईल, वेळ वाचेल, असा हिशेब होता. जुलै २००७ मध्ये विमान थाटात लोकांसमोर आणलं, पण आतून ते अपुरंच होतं. पहिलं उड्डाण झालं डिसेंबर २००९ मध्ये. ग्राहकाला २००८ मध्ये द्यायचं विमान मिळालं २०११ मध्ये! मधल्या काळात साउथ कॅरोलिनातल्या एका पुरवठादाराचा कारखानाच बोइंगला विकत घ्यावा लागला. पुढच्या ७७७एक्सचे पंख मात्र त्यांनी एव्हरेटला, स्वतःच्याच आवारात बनवायला घेतले.

आता आपल्या पुण्यात या. आफ्रिकेत मेनिंजायटिसवर स्वस्त लस हवी होती, ५० सेंटच्या आत. सीरम इन्स्टिट्यूटनं ती बनवायचं मान्य केलं. 'पाथ' ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना सोबत होत्या, तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून आलं. २०१० मध्ये बुर्किना फासोत ती लस द्यायला सुरुवात झाली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की तंत्र पुण्यात येऊन रुजलं. पुढे 'पाथ'सोबतच मेनिंजायटिसच्या पाच प्रकारांवर चालणारी लस तयार झाली आणि २०२४ मध्ये ती नायजेरियात पोचली. म्हणजे बघा, पार्टनर तोच आणि पहिल्या कामाची शिदोरी दुसऱ्या कामाला!

पण याला दुसरी बाजूही आहे. २०२१ मध्ये कोव्हॅक्स योजनेची मोठी भिस्त सीरमवरच होती. भारतात दुसरी लाट आली, लशींची निर्यात थांबली आणि अनेक गरीब देश वाट बघत राहिले. पार्टनर कितीही चांगला असला तरी सगळा भार एकाच खांद्यावर टाकला की असं होतं.

तुम्ही दोघं-तिघं मिळून स्टार्टअप चालवत असाल, तर आज एक कागद घ्या. प्रत्येक प्रोजेक्टसमोर त्याच्या पार्टनरचं नाव लिहा. एकच नाव किती ओळींत येतंय? मग बाजूला लिहा, काम परत आल्यावर ते तपासणार कोण आणि त्यातून शिकलेलं टिपून ठेवणार कोण. तिथे तुमच्या टीममधलं नाव नसेल, तर नवा करार करण्याआधी ती जागा भरा.

तुमच्या कागदावर काय निघालं, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!