गणिताला देह हवा



चेतासंस्था सजीवाची हालचाल कशी घडवून आणते आणि ते गणितात, संगणकात कसं उतरवायचं, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. या क्षेत्रात अलीकडे एक समजूत बळावली आहे. चेतापेशींच्या जोडण्यांचा पूर्ण नकाशा एकदा हाती आला की बाकीचं संगणक बघून घेईल, असं हुशार विद्यार्थीही बोलून दाखवतात. ही समजूत मला घातक वाटते, कारण तिच्यात शरीराला जागाच नाही.

नकाशे तर मिळाले आहेत. सी. एलिगन्स हा जेमतेम 1 मिलिमीटर लांबीचा कृमी. त्याच्या 302 चेतापेशींचा आराखडा केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केला. 2024 मध्ये प्रौढ फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला, त्यात सुमारे 1,39,000 चेतापेशी आणि 5 कोटींच्या आसपास जोडण्या आहेत. यामागच्या मेहनतीपुढे मी नतमस्तक आहे. पण कृमीचा आराखडा मिळून इतकी वर्षं लोटली, तरी नुसता तो समोर ठेवून कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल हे सांगता येत नाही. कोणती जोडणी किती जोरकस, कोणती चेतवणारी आणि कोणती दाबणारी, अवतीभवती कोणती रसायनं पाझरताहेत, हे त्या चित्रात दिसत नाही. आणि त्या चित्रात अंग तर नसतंच.

या कृमीवर 2012 मध्ये झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कृमी नागमोडी सरकतो तेव्हा बाकाची लाट डोक्याकडून शेपटीकडे जाते. ही लाट पुढे कोण नेतं? संशोधकांनी जिवंत कृमीचा मधला भाग एका बारीक, वाकड्या नळीत अडकवला. नळीचा बाक ज्या बाजूला, त्याच बाजूला नळीच्या मागचा मोकळा भागही वाकला. नळीचा बाक बदलला, तसा मागचा भागही पलटला. म्हणजे मागच्या चालक चेतापेशींना पुढच्या अंगाचा बाक जाणवतो आणि त्या आपला भाग तसाच वाकवतात. लाटेचा निरोप अंगातूनच मागे जातो. हे मॉडेलमध्ये आणायचं तर कृमीच्या अंगाचा ताठरपणा आणि त्याच्याभोवतीच्या द्रवाचा चिकटपणाही समीकरणात घ्यावा लागतो.

आमच्या विद्येचा पाया घातला गेला 1952 मध्ये. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विडच्या, म्हणजे आपल्या कोळीवाड्यातल्या माकुलाच्या, जाडजूड अक्षतंतूवर प्रयोग करून त्यातल्या विद्युत्‌-स्पंदाची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी फेरबदलासाठी सहा महिने बंद होता. म्हणून हक्सली यांनी ती समीकरणं ब्रुन्सविगा या हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर, पायरीपायरीने सोडवली. काही मिलिसेकंदांत संपणाऱ्या स्पंदाच्या प्रवासाचं गणित करायला आठवडे लागले. उत्तर आलं, वेग सेकंदाला 18.8 मीटर. तंतूवर प्रत्यक्ष मोजलेला वेग होता 21.2 मीटर. एवढं जुळूनही, हे समीकरण जुळलं म्हणून आतली यंत्रणा अशीच असेल असं मानू नका, असा इशारा त्यांनी स्वतःच देऊन ठेवला. तंतूच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाटेसाठी त्यांनी चौथा घात वापरला होता. ती वाट चार घटक मिळून बनलेली असते, हे पुढे कित्येक वर्षांनी प्रत्यक्ष दिसलं. मॉडेलकार किती धीट आणि किती सावध असावा, हे मी या दोघांकडून शिकलो.

एका तंतूकडून हालचालीकडे यायचं तर लॅम्प्रेकडे यावं लागतं. हा वामसारखा लांबट, पण जबडा नसलेला जलचर. त्याचा मेरुरज्जू बाहेर काढून थंड क्षारद्रावात ठेवला आणि त्यात ग्लुटामेट घातलं, तर स्नायू नसताना, भोवती झरा किंवा नदी नसताना त्या रज्जूत पोहण्याचा ताल सुरू होतो. डावी बाजू, उजवी बाजू, आळीपाळीने. प्रत्येक खंड पुढच्या खंडापेक्षा आवर्तनाच्या साधारण एक शतांश मागे असतो आणि वेग वाढला तरी हे प्रमाण टिकतं. लेझीम पथकाच्या रांगेत प्रत्येकाने पुढच्याकडे बघून किंचित उशिरा हात उचलावा, तशी लाट खंडाखंडातून सरकते. ॲव्हिस कोहेन, फिलिप होम्स आणि रिचर्ड रँड यांनी 1982 मध्ये या खंडांना एकमेकांशी जोडलेले आंदोलक मानून त्याचं गणित केलं. जीवशास्त्रज्ञ आणि गणिती एका टेबलाशी बसले की काय होतं, याचं हे सुंदर उदाहरण.

इथे कोणी विचारेल, शरीराशिवाय ताल निघतो, मग तुमचा शरीराचा आग्रह कशाला? याचं उत्तर लोझानमध्ये आउके आयस्पेर्ट आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दिलं. त्यांनी लॅम्प्रेसारखा खंडाखंडांचा पोहणारा रोबो बनवला आणि त्याच्या अंगावर पाण्याचा दाब ओळखणारे संवेदक बसवले. मग नियंत्रणातल्या खंडांमधल्या जोडण्या तोडल्या. तरीही रोबो पोहत राहिला, कारण खंडांचा मेळ आता पाणीच घालत होतं. ताल रज्जूत असतो हे खरं, आणि तो अंगावरच्या पाण्यातूनही उभा राहतो हेही तितकंच खरं. निसर्गाने दोन्ही वाटा हाताशी ठेवल्या आहेत, म्हणून इजा झालेला प्राणीही पुढे जाऊ शकतो.

आता ज्या कामासाठी मी हा विषय आज निवडला, त्याकडे येतो. पाठीच्या कण्याला मार बसून पाय लुळे पडलेल्यांसाठी मेरुरज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवून विद्युत्‌-उद्दीपन देतात. उंदरांत सलग उद्दीपनाने फार चांगलं यश आलं, ते चालू लागले. माणसांत तसं काही होईना. लोझानच्याच ग्रेगवार कूर्तीन यांच्या गटाने 2018 मध्ये संगणकातल्या मॉडेलवर याचं कारण शोधलं. पायाचे स्नायू आणि सांधे कुठे आहेत याची खबर तंतूंतून वर येत असते. उद्दीपनाचे स्पंद त्याच तंतूंतून उलटे, खाली जातात. दोन स्पंद समोरासमोर आले की दोन्ही विझतात. उंदराचा तंतू आखूड, खबर झटकन पोचते, टक्कर क्वचित होते. माणसाचा पाय लांब. खबर वाटेत जास्त वेळ असते, त्यामुळे बहुतेक खबर वाटेतच मरते. मग रुग्णांवर हे ताडून पाहिलं. जोरकस सलग उद्दीपन चालू असताना, आपला गुडघा कोणीतरी वाकवतंय की सरळ करतंय, हे त्यांना कळेनासं झालं.

मित्रहो, पायाची लांबी! चेतापेशींच्या कोणत्याही नकाशात ही लांबी महत्त्वाची ठरेल असं कोणाला वाटलं नसतं. मॉडेलमध्ये खरा देह, खऱ्या मापाचा देह घेतला म्हणून ती दिसली. उपायही तिथूनच निघाला. सलग उद्दीपन थांबवून, पाऊल उचलायच्या क्षणी उचलणाऱ्या स्नायूंच्या खंडापुरतं आणि टेकायच्या क्षणी टेकणाऱ्या खंडापुरतं उद्दीपन द्यायचं. त्याच वर्षी अशा उद्दीपनाने, आधार घेऊन, तीन रुग्ण चालले. काही महिन्यांच्या सरावानंतर तर लुळे पडलेले काही स्नायू त्यांना उद्दीपन बंद असतानाही मनाने हलवता येऊ लागले.

आपल्याकडे आंबे-नारळ काढताना झाडावरून, बांधकामावर परांचीवरून, रस्त्यावर दुचाकीवरून पडून कणा मोडलेली माणसं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. खडकीला जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, तिथे आयुष्य चाकांच्या खुर्चीवर काढणारे सैनिक आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आयआयटीत चेतासंस्थेवर उत्तम काम चालतं. फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांत चालण्याचं बारकाईने मोजमाप करणारे अध्यापक आहेत. यांची गाठ पडत नाही. गणिताच्या विद्यार्थ्याने रुग्णाचा पाय हातात घेऊन पाहिलेला नसतो आणि फिजिओथेरपिस्टला त्याची मोजमापं समीकरणात जाऊ शकतात हे कोणी सांगितलेलं नसतं. विदेशी मॉडेलमधली मापं तिकडच्या देहांची असतात. आपल्या माणसांची उंची, हाडापेरं, अनवाणी चालण्याची, उकिडवं बसण्याची सवय, यांची मोजमापं आपणच घेतली पाहिजेत.

म्हणून या संमेलनापुढे मी एक ठराव ठेवतो. गणित, जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि पुनर्वसन या चारही शाखांतल्या मंडळींचा एक कार्यगट आजच नेमावा. चालण्याची, स्नायूंची आणि तंतूंतल्या संदेशवेगाची मोजमापं रुग्णांच्या संमतीने, त्यांची नावं वगळून, सर्वांना मोफत वापरता येतील अशा रूपात या गटाने गोळा करावीत. मोजमापाच्या सूचना मराठीत लिहाव्यात, म्हणजे तालुक्याच्या रुग्णालयातली परिचारिकाही त्या वापरू शकेल. या गटाच्या कामासाठी माझा वेळ मी आत्ताच देऊ करतो. ठरावाला अनुमोदन द्यावं, अशी सभागृहाला विनंती करतो.