पृथ्वीची गती आणि माणसाची जाणीव



खानदेशातून सुरतेच्या नवागामास येणाऱ्या प्रवाशाला उधना स्थानकावर एक अनुभव हमखास येतो. शेजारच्या रुळावरील गाडी हलू लागते आणि क्षणभर आपलीच गाडी निघाली, असे त्याला वाटते. फलाटावरचा खांब दिसला म्हणजे भ्रम फिटतो. पृथ्वीच्या खिडकीबाहेर असा खांब नाही. दिसतात ते तारे, आणि तेच फिरतात असे कोणीही शपथेवर सांगेल.

आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास या भ्रमाचा उलगडा नौकेच्या दृष्टान्ताने केला. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे सरकताना दिसतात. एका ‘प्राणा’त, म्हणजे 4 सेकंदांच्या एका श्वासात, पृथ्वी एक कला फिरते, असे त्याचे गणित होते. सुरतेच्या अक्षांशावर हिशेब मांडला, तर नवागामची जमीन श्वासागणिक सुमारे पावणेदोन किलोमीटर पूर्वेकडे सरकते. सूर्याभोवतीच्या भ्रमणात त्याच श्वासात आणखी 120 किलोमीटरांची मजल होते. तरी कपातला चहा हिंदकळत नाही.

येथेच आर्यभटाचे विरोधक उभे राहिले. पृथ्वी फिरत असेल, तर उडालेले पक्षी घरट्याकडे परततात कसे, असा आक्षेप वराहमिहिराने सहाव्या शतकात घेतला. उंच वस्तू कोसळत का नाहीत, असे ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये विचारले. हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. नौकेच्या दृष्टान्ताने दिसण्याचे कोडे सुटत होते, जाणवण्याचे नव्हे. आर्यभटाच्या काही टीकाकारांनी तर त्याच्या वचनाचा अर्थच फिरवून टाकला. खुद्द भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पृथ्वीच्या ठायी आकर्षणशक्ती मानली, पण पृथ्वी मात्र स्थिरच ठेवली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 चा शिलालेख त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची साक्ष देतो. खानदेशाने त्यांचा अभिमान अवश्य बाळगावा; या एका मुद्द्यावर मात्र ते चुकले, हेही मोकळेपणाने म्हणावयास हवे.

पक्ष्यांच्या प्रश्नाला नेमके उत्तर गॅलिलिओच्या 1632 च्या ग्रंथात मिळते. जहाजाच्या बंद खोलीत फुलपाखरे उडत आहेत, भांड्यातून पाणी ठिबकत आहे. जहाज एकसारख्या वेगाने संथ चालले, तर ते उभे आहे की चालते, हे आतल्या माणसाला ओळखता येत नाही. पक्षी, हवा आणि घरटे ही सारी एकाच वेगाची वाटेकरी असतात.

शरीराला वेग कळत नाही. कळतो तो वेगातील बदल. ब्रेक लागताच उभा प्रवासी पुढे कलतो, पण भरधाव गाडीत तो स्वस्थ झोपतो. वळणे ओळखण्यासाठी कानाच्या आत सूक्ष्म नलिका आहेत. परंतु पृथ्वी घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्याच गतीने वळते, आणि इतके मंद वळण त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. या फिरण्याने सुरतेत 100 किलोंच्या पोत्याचे वजन सुमारे 300 ग्रॅमने घटते. व्यापाऱ्याच्या तराजूला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दुसऱ्या पारड्यातील मापेही त्याच प्रमाणात हलकी झालेली असतात! सूर्याचे म्हणावे, तर तो पृथ्वीला आणि तिच्यावरील माणसाला जवळजवळ सारखेच ओढतो. मग हिसका बसावा कोठून?

अंगाला न जाणवणारे हे फिरणे डोळ्यांना दाखविता येते. फूकोने 1851 मध्ये पॅरिसला 67 मीटर लांब तारेस 28 किलोंचा गोळा टांगून ते लोकांसमोर ठेवले. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत असा लंबक आहे, आणि तिच्या प्रांगणात आर्यभट व गॅलिलिओ या दोघांचेही पुतळे आहेत. नवागामात असा लंबक टांगला, तर त्याच्या झोक्याची दिशा पूर्ण फेरा घेण्यास सुमारे 66 तास लावील. तासाभरात ती पाच अंशांहून थोडी अधिक वळेल, आणि शेजारी बसलेल्या कोणालाही ते दिसेल.