अमेरिकेतील नववीचा इंग्रजीचा तास

इंग्रजीचा तास म्हटला की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? फळ्यावर लिहिलेले कठीण शब्द, त्यांच्यापुढे मराठी अर्थ, काळ ओळखणे, कर्तरीचे कर्मणी करणे, आणि परीक्षा जवळ आली की गाईडातला निबंध पाठ. आज ज्या तासाविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत तो अगदी निराळा आहे, आणि तो निराळा असणारच. तो अमेरिकेतल्या हायस्कुलातला तास आहे. तिथे इंग्रजी ही बहुतेक मुलांच्या घरातलीच भाषा. तेव्हा त्या तासाची तुलना करायचीच झाली तर ती आपल्या इंग्रजीच्या तासाशी नव्हे, मराठीच्या तासाशी केली पाहिजे. एवढी खूणगाठ मनाशी बांधून पुढचे ऐका.

अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचे, नववी ते बारावी. नववीतल्या विद्यार्थ्याला तिकडे 'फ्रेशमन' म्हणतात, वय चौदा-पंधरा. साऱ्या देशाला मिळून एक अभ्यासक्रम तिथे नाही. राज्ये आणि त्यांच्याखालची गावोगावची शाळा-मंडळे आपापले ठरवतात. २०१० साली 'कॉमन कोअर' नावाची एक अपेक्षांची यादी तयार झाली, चाळीसहून अधिक राज्यांनी ती घेतली, आणि पुढे काहींनी ती बदललीही. नववी-दहावीच्या मुलाला काय यायला हवे ते तीत सांगितले आहे. पुस्तके कोणती वाचायची हे बहुतांशी शाळेवर सोपवले आहे.

पुष्कळ शाळांत नववीच्या इंग्रजीचे दोन वर्ग असतात. एक साधा, आणि दुसरा वरच्या पायरीचा, त्याला 'ऑनर्स' म्हणतात. दोन्हींकडून अपेक्षा कागदावर साधारण सारख्याच. पण ऑनर्सच्या वर्गात पुस्तके जास्त आणि जाड, वेग अधिक, आणि शिक्षकाने बोट धरून चालवणे कमी. उन्हाळ्याच्या सुट्टीतच एक-दोन पुस्तके वाचून यायची आणि शाळा उघडताच त्यांवर लिहायचे, असाही अनेक ठिकाणी शिरस्ता आहे.

वाचतात काय? पो आणि मोपासाँ यांच्या लघुकथा, होमरचे 'ओडिसी', शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्यूलिएट', हार्पर ली यांची १९६० सालची कादंबरी 'टु किल अ मॉकिंगबर्ड', सँड्रा सिस्नेरोस यांचे १९८४ सालचे 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट'. मौज पाहा, ह्यात होमर ग्रीक आणि मोपासाँ फ्रेंच! इंग्रजीच्या तासाला भाषांतरे बेलाशक चालतात. ही यादी दगडावरची रेघही नाही. 'मॉकिंगबर्ड'मध्ये खोटा आळ आलेल्या एका काळ्या माणसाचा खटला आहे आणि त्याचा वकील गोरा आहे. काळ्या माणसाला स्वतःचा आवाज ह्यात फारसा नाही, असा आक्षेप घेतला गेला, आणि वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टिओ इथल्या शाळा-मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये ते पुस्तक नववीच्या सक्तीच्या यादीतून काढले. शिकवू नका असे मात्र म्हटले नाही. ज्या शिक्षकाला शिकवायचे त्याने शिकवावे, अशी मोकळीक ठेवली.

पण पुस्तकांची नावे ही वरवरची गोष्ट झाली. त्या वर्गात खरे काय शिकवतात ते एका उदाहरणाने सांगतो, म्हणजे नीट ध्यानात येईल.

'रोमिओ अँड ज्यूलिएट' घ्या. गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल : दोन वैरी घराणी, त्यातल्या एकाचा मुलगा, दुसऱ्याची मुलगी, दोघांचे प्रेम आणि दोघांचाही शेवट. ज्यूलिएटचे वय नाटकात चौदाला थोडे कमी आहे, म्हणजे वाचणाऱ्या पोरींएवढेच. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात पॅरिस नावाचा एक बडा तरुण तिला मागणी घालतो. बाप कॅप्युलेट सांगतो की, पोर अजून लहान आहे, दोन उन्हाळे जाऊ द्या; आधी तिचे मन जिंका, तिची संमती हवी, माझा होकार हा त्यातला केवळ एक भाग. किती शहाणा बाप! आणि तिसऱ्या अंकात हाच बाप काय करतो? मुलीला एका शब्दाने न विचारता गुरुवारचे लग्न ठरवून मोकळा होतो, आणि ती नाही म्हणताच, रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, पण माझ्या दारात उभी राहू नकोस, अशा भाषेवर येतो. आपल्याकडे हा बाप पुष्कळांना ओळखीचा वाटेल.

आता वर्गात प्रश्न निघतो : हा माणूस का बदलला? एक मुलगा म्हणतो, "तो दुष्टच होता." शिक्षिका रागावत नाही, शाबासकीही देत नाही. ती विचारते, "मग पहिल्या अंकात बोलला तो कोण?" दुसरी मुलगी सांगते, मध्यंतरी घरातला टिबॉल्ट मारला गेला आहे; घरावर दुःख कोसळले आहे, म्हणून बापाला घाई झाली. "हे कुठे दिसते?" तिसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश. ठीक. तिसरा एक जण पाने चाळून म्हणतो, "बाई, तो बदललाच नाही. पहिल्या अंकातही तो बोलतो ते पॅरिसशी, मुलगी तिथे नाहीच. तिसऱ्या अंकातही शब्द देतो तो पॅरिसलाच. मुलीशी तो आधी बोलतोच कुठे?" आता सगळा वर्ग पुस्तकात डोके घालतो. आणि तिसऱ्या अंकातल्या ह्या साऱ्या वेळी प्रेक्षकांना ठाऊक आहे की मुलीचे रोमिओशी गुपचूप लग्न लागलेले आहे. बापाला मात्र ते ठाऊक नाही. ह्या जाणत्या-अजाणत्यातल्या अंतराने वाचणाऱ्याचा जीव कसा टांगणीला लागतो, तेही ह्याच ओघात शिकवून होते.

'हे कुठे लिहिले आहे?' हा प्रश्न वर्षभर चालू असतो. तुझे मत काहीही असो, त्याचा आधार पानावर दाखव. कॉमन कोअरच्या यादीत नववी-दहावीच्या वाचनाची पहिली अपेक्षा हीच आहे : मजकुरातला भक्कम आणि पुरेसा पुरावा द्यायचा.

लिहिणेही त्याच वळणाचे. 'ह्या नाटकात प्रेम आणि द्वेष दाखवला आहे' असे वाक्य मुलाने लिहिले तर ते परत येते, कारण त्याला कोणी नाही म्हणणारच नाही. ज्यावर दुसरा वाद घालू शकेल असे विधान हवे. 'कॅप्युलेटला मुलीच्या मताची किंमत वाटते, पण ते मत त्याच्या मताविरुद्ध जात नाही तोवरच' हे चालेल. मग त्याच्यामागे नाटकातली एखादी छोटी ओळ, आणि त्या ओळीपेक्षा लांब अशी स्वतःची फोड. नुसती गोष्ट सांगत बसलात तर गुण जातात. शिवाय विरुद्ध बाजूचे म्हणणेही मांडायचे, आणि ते प्रामाणिकपणे मांडायचे. दुबळे करून नव्हे. दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता वापरले तर ती चोरी, हेही इथेच बजावले जाते.

व्याकरण सुटत नाही, पण ते लिहिण्याच्या पोटात येते. दोन जवळची पूर्ण वाक्ये अर्धविरामाने कशी जोडावी, हे नववी-दहावीच्या यादीत आहे. यादीतल्या मोडीला एक मेळ हवा, हेही आहे. 'त्याला पोहणे, धावणे आणि सायकल आवडते' हे वाक्य लंगडते, 'सायकल चालवणे' केले की सरळ चालू लागते. हा दाखला मी आपल्या मराठीतला दिला. शब्द शिकवतात ते लॅटिन-ग्रीक मुळांवरून, जसे आपण आहार, विहार, प्रहार, संहार एका धातूवरून उलगडून दाखवू. आणि कधी कधी खुर्च्या गोल मांडून मुलेच एकमेकांना प्रश्न विचारतात. शिक्षक बाजूला बसून टिपणे करतो. गप्प बसणे शिक्षकाला किती जड जाते, हे मी शिक्षकांना काय सांगू?

गुरुजी, बाई, हे आपल्या मराठीच्या तासाला अशक्य आहे का? 'श्यामची आई' घरोघरी आहे. न्हाऊन आलेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई आपला पदर पसरते. आणि पोहायला न जाता दडून बसला म्हणून तीच आई त्याला झोडपते. ती मारते ते मायेपोटी, की लोक मुलाला भित्रा म्हणतील ह्या धास्तीने? आपल्या नववीला विचारून पाहा, आणि उत्तर आले की पुढे म्हणा, "कुठल्या रात्री? वाचून दाखव." आपल्या दहावीच्या 'कुमारभारती'त रसग्रहण आणि स्वमत असे प्रश्न आहेतच. पण स्वमतसुद्धा पोरे गाईडातून पाठ करून येतात, ह्याला काय म्हणावे!

गाईडे तिकडे नाहीत असे मात्र समजू नका. 'क्लिफ्स नोट्स' नावाची पिवळी-काळी पुस्तिका १९५८ साली नेब्रास्कात निघाली, आणि तिचा पहिला संच शेक्सपिअरच्या नाटकांवरचाच होता. अलीकडे तर नोव्हेंबर २०२२ पासून संगणकाला सांगितले की तो निबंधच लिहून देतो. म्हणून काही शिक्षकांनी वर्गातच, समोर बसवून, हाताने लिहून घ्यायला पुन्हा सुरुवात केली आहे.

ह्या सगळ्याला लागतो तो शिक्षकाचा वेळ. जेम्स कॉनंट हे हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. त्यांनी १९५९ साली हायस्कुलांविषयी एक अहवाल लिहिला. इंग्रजीचा निम्मा वेळ लेखनाला द्यावा, मुलाने सरासरी आठवड्याला एक निबंध लिहावा, आणि म्हणून इंग्रजीच्या शिक्षकाकडे शंभरांहून जास्त मुले नसावीत, असे त्यांनी त्यात म्हटले. शंभर निबंध, दर आठवड्याला! वह्यांचा गठ्ठा घरी नेणाऱ्याला हा आकडा काय आहे ते कळेल.

त्याच अहवालात कॉनंट यांनी मुलांचे विषयवार, कुवतीप्रमाणे गट पाडावेत असेही सुचवले होते. मला खटकते ते इथे. 'हे कुठे लिहिले आहे?' हा प्रश्न फक्त हुशार ठरवलेल्यांनाच विचारायचा का? जीनी ओक्स ह्या संशोधक बाईंनी पंचवीस शाळांच्या पाहणीवरून १९८५ साली पुस्तक लिहिले. वरच्या गटाला विचार करायला लावतात, खालच्या गटाकडून घोकंपट्टी आणि रिकाम्या जागा भरून घेतात, आणि खालच्या गटात गरिबांची व काळ्या-तपकिरी वर्णाची मुले प्रमाणाबाहेर जास्त असतात, हे त्यांनी दाखवले. त्यात पुष्कळ शाळांत ऑनर्सच्या गुणांना अर्धा-एक गुणांक वाढवून मिळतो, तो कॉलेजच्या प्रवेशाला उपयोगी पडतो. मग पालकांची ओढाताण काय वर्णावी?

शिकागोच्या उत्तरेला इव्हन्स्टन नावाचे गाव आहे. तिथल्या हायस्कुलाच्या मंडळाने डिसेंबर २०१० मध्ये ठरवले की, नववीचा निवडक मुलांचा वेगळा ऑनर्स वर्ग इंग्रजी-इतिहासाच्या जोड विषयापुरता बंद करायचा. २०११ च्या शाळा-वर्षापासून जवळपास सगळी मुले एका वर्गात बसू लागली. पुस्तके वरच्या पायरीची, आणि ऑनर्सचा शेरा आधीच्या परीक्षेवरून आयता मिळायचा नाही, तर वर्षभरातल्या ठराविक कामांवर ज्याने-त्याने कमवायचा. गावात वाद झाला. हुशार मुले मागे पडतील, असे काही पालक म्हणाले. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, मागे ठेवलेल्या मुलांना पुढचे पुस्तक हाती तरी कधी येणार होते?

असा मिसळलेला वर्ग चालवणे सोपे नाही. जो मुलगा झरझर वाचतो त्याच्या शेजारी ओळीवर बोट ठेवून वाचणारा बसलेला असतो. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या आपल्या गुरुजींना हे निराळे सांगायला नको. कॅप्युलेटचा तो प्रवेश दोघांच्याही हाती असतो. एकाच्या प्रतीत कठीण शब्दांचे अर्थ समासात छापलेले असतात, एवढाच काय तो फरक. प्रश्न दोघांना एकच असतो, आणि पान उलटून दोघांनाही उत्तर शोधावे लागते.