आपला रणजित

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात 'आठवणीतला कलाकार' या कार्यक्रमात केलेले भाषण)

सभासद बंधू-भगिनींनो, आणि मागे बटाटेवड्यांच्या टेबलाजवळ उभं राहून भाषण कधी संपतंय याची वाट पाहणाऱ्या मुलांनो,

मला सांगितलं गेलं, आवडत्या कलाकारावर दहा मिनिटं बोला. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मोठमोठी नावं घेतली. मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांचं नाव सांगितलं की लोक विचारतात, "कोण हो?" चेहरा दाखवला की लगेच म्हणतात, "अरे, हे होय! इन्स्पेक्टर!" शफी इनामदार.

१९८४ साली आपल्याला ताबा मिळाला. लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट नव्हती. पाणी दिवसाआड. आणि आमच्या विंगमध्ये टीव्ही एकच, तळमजल्यावरच्या काकांकडे. क्राउनचा ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. नाव घेत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. जुन्या मंडळींना कळलंच असेल. ते तेव्हा आपले खजिनदार होते.

त्याच वर्षी दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' सुरू झाली. शुक्रवारी रात्री जिना रिकामा व्हायचा आणि काकांची बाहेरची खोली भरायची. लेखन शरद जोशींचं (शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगकार), दिग्दर्शनात कुंदन शाह, शीर्षकगीत किशोरकुमारच्या आवाजात. सतीश शाह दर भागात नवीन माणूस होऊन यायचे. आज बंगाली, पुढच्या आठवड्यात आणखी कोणी. राकेश बेदी म्हणजे घरात मुक्काम ठोकलेला मेव्हणा. टिकू तलसानिया साहेब. स्वरूप संपत बायको, रेणू. हे सगळे हसवायचे. आणि यांच्या मधोमध रणजित वर्मा, म्हणजे शफी इनामदार.

आम्ही मुलं सतीश शाहांच्या नकला करायचो. रणजितची नक्कल कोणी केली नाही, कारण करायला काही नव्हतंच! तो तुमच्याआमच्यासारखा दमून घरी यायचा, बॅग ठेवायचा आणि समोर जे चाललंय ते बघत राहायचा. आता सीडीवर पुन्हा पाहताना लक्षात येतं की खरी गंमत तिथेच आहे. समोरचा कितीही वेडेपणा करू दे, त्यावर विश्वास ठेवणारा एक माणूस घरात लागतो. तो नसेल तर नुसता गोंधळ उरतो. शफींचा चेहरा आधी खरं मानायचा, मग शंका घ्यायचा, मग हताश व्हायचा. आणि हे सगळं एक शब्द न बोलता. नाटकवाल्यांना विचारा, हसणाऱ्याला हशा मिळतो, पण तो हशा उभा करणारा वेगळाच असतो.

नाटकातलेच ते. जन्म १९४५ चा, दापोली तालुक्यातला. म्हणजे आपल्या कोकणातला माणूस. गुजराती, मराठी, हिंदी अशा तिन्ही रंगभूमींवर त्यांनी काम केलं. पत्नी कोण, ठाऊक आहे? भक्ती बर्वे! 'ती फुलराणी'तली मंजुळा. त्याच कुंदन शाहांच्या 'जाने भी दो यारो'त भक्तीताई होत्या, आणि वर्षभरात मालिकेत शफी. आमच्या आईला हे कळलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "मग बरोबर आहे." काय बरोबर, ते तिने सांगितलं नाही.

पण शफींना केवळ विनोदी म्हणाल तर 'अर्धसत्य' पाहा. १९८३ चा. श्री. दा. पानवलकरांची कथा, पटकथेला विजय तेंडुलकर, दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. सगळ्यांना ओम पुरींचा वेलणकर आठवतो, सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आठवतो, आठवायलाच हवेत. मला मात्र हैदर अली आठवतो. वेलणकर पेटलेला, आणि हा इन्स्पेक्टर हैदर अली त्याच्यावर माया असलेला, शहाणा, ओळखी लावून त्याला वाचवणारा. तो भ्रष्ट आहे का? सांगता येत नाही. तो वाईट आहे का? मुळीच नाही. नोकरी टिकवत टिकवत जगलेला माणूस कसा बोलतो, कसा बसतो, ते शफींनी असं दाखवलं की राग धरावा की आधार घ्यावा, कळेना. पुढे हिंदी सिनेमाने त्यांना पुन:पुन्हा खाकी वर्दी चढवली, ती याच भूमिकेमुळे असावी. माझ्या मते तो निव्वळ आळस होता. गुलजारांच्या 'मिर्झा गालिब'मध्ये (१९८८) तेच शफी शायर जौक झाले. नसीरुद्दीन शाहांच्या गालिबसमोर, दरबारी रुबाबात! त्यात खाकीचा मागमूस नाही.

आता घरचं सांगतो. आमचे बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा उघडली, पण बाबांना आत घेतलं नाही. फ्लॅटचं कर्ज डोक्यावर. बाबा घरात बोलेनासे झाले. शुक्रवारी आम्ही खाली जायचो, ते यायचे नाहीत. सोसायटीची वर्गणी थकलेली, आणि टीव्ही खजिनदारांकडे! एकदा काका स्वतः दोन जिने चढून आले आणि म्हणाले, "रणजितच्या साहेबानं आज त्याला जाम धरलाय म्हणे. चला, बघू." पैशाचं अक्षर नाही. बाबा गेले, पण दारातच उभे राहिले. पुढच्या शुक्रवारी दाराशी एक लोखंडी घडीची खुर्ची होती. ती कोणासाठी, हे कोणी बोललं नाही. त्या खुर्चीत बसून बाबा हसलेले मी दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिले. सतीश शाह पडद्यावर आले की आम्ही खिदळायचो. बाबा मात्र रणजित गप्प बसला की हसायचे.

थकबाकीदारांची यादी बोर्डावर लागायची; त्यात आमचा नंबर कधी आला नाही. का, ते मला २००३ साली कळलं. मी खजिनदार झालो आणि जुनी पावतीपुस्तकं चाळली. आमच्या नावाच्या सात महिन्यांच्या पावत्या ओळीने एकाच दिवशी फाडलेल्या, अक्षर काकांचं. बाबांना हे माहीत होतं की नाही, ते विचारायला तेव्हा दोघांपैकी कोणीच राहिलं नव्हतं.

शफींनी १९९५ मध्ये 'हम दोनो' दिग्दर्शित केला, ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांना घेऊन. आता कुठे माणूस स्वतःच्या मनासारखं करायला लागला, असं वाटत होतं. १३ मार्च १९९६. विश्वचषकाची उपांत्य फेरी, ईडन गार्डन्स, समोर श्रीलंका. सचिन ६५ वर यष्टिचीत झाला आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. मैदानात बाटल्या आल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला, विनोद कांबळी रडत बाहेर आला. आपल्या प्रत्येक घरात त्या रात्री सुतक होतं. त्याच रात्री, सामना पाहत असताना, हृदयविकाराच्या झटक्याने शफी इनामदार गेले. वय अवघं पन्नास. आमच्या घरच्या पेपरात नंतर पानंच्या पानं मॅच होती. ही बातमी आत, लहानशी. बाबांनी ती वाचली, पेपराची घडी केली आणि चपला घालून खाली गेले. एव्हाना आमच्याकडे रंगीत टीव्ही आला होता, काकांकडे जायचं निमित्त राहिलं नव्हतं. मी मागोमाग गेलो. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "आपला रणजित गेला." काकांनी मागे वळून कोपऱ्यातली खुर्ची उघडली. दोघं बराच वेळ बसले, बहुतेक मॅचबद्दलच बोलत होते.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी २००१ मध्ये, भक्तीताईही द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेल्या.

असो. दहा मिनिटं केव्हाच झाली, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. येत्या शनिवारी रात्री साडेआठला गच्चीवर 'ये जो है जिंदगी'चे दोन भाग लावणार आहोत. सतरंज्या सोसायटीच्या आहेत. गुडघेवाल्यांनी खुर्च्या आपापल्या आणाव्यात. एक लोखंडी, घडीची, माझ्याकडे आहे. ती दाराशी ठेवीन.