नियम पाहणारे आणि माणूस पाहणारे
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



एखाद्या मुलाने मित्राने केलेली कॉपी शिक्षकांच्या कानावर घातली की घरोघरी दोन तट पडतात. कोणी म्हणते, मुलगा प्रामाणिक आहे. कोणी म्हणते, त्याला मनच नाही. मैत्रिणीला पाठीशी घालणाऱ्या मुलीचेही तसेच. कुणाला ती मायाळू वाटते, कुणाला तिच्यापाशी तत्त्व नाही असे वाटते. निवाडा कृतीचा चालला आहे असे भासते. प्रत्यक्षात तो स्वभावाचा चाललेला असतो, आणि तोही निवाडा करणाऱ्याच्या स्वतःच्या स्वभावाच्या मापाने. स्वभावानुसार माणसे बरेवाईट कसे ठरवतात आणि दुसऱ्याचे दुःख त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

लॉरेन्स कोहलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली शिकागो विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधासाठी शाळकरी मुलांपुढे काही नैतिक पेच ठेवले होते. त्यांतला हाइन्झचा पेच जगभर गाजला. हाइन्झची पत्नी मरणपंथाला लागली आहे. तिला वाचवू शकेल असे औषध गावातल्या एका औषधविक्रेत्याने शोधून काढले आहे. पण तो खर्चाच्या दहापट किंमत मागतो. वणवण करून हाइन्झच्या हाती निम्मीच रक्कम जमते. विक्रेता किंमत उतरवत नाही, उधारीही ठेवत नाही. हाइन्झने दुकान फोडून औषध चोरावे काय? कोहलबर्ग यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तराशी कर्तव्य नव्हते. मुले त्यामागे जे कारण देत, त्यावरून त्यांनी नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या मांडल्या. शिक्षेच्या भयापासून निघून सार्वत्रिक तत्त्वापर्यंत जाणारी ती चढण होती.

कोहलबर्ग यांच्याबरोबर हार्वर्डमध्ये काम केलेल्या कॅरोल गिलिगन यांना या चढणीतच खोट दिसली. १९८२ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी अकरा वर्षांच्या दोन मुलांच्या मुलाखती शेजारीशेजारी मांडल्या. जेक या मुलाने ठामपणे सांगितले की चोरी करावी, कारण प्राणाचे मोल पैशाहून अधिक आहे. त्याच्या दृष्टीने तो जणू गणिताचाच प्रश्न होता. एमी ही मुलगी अडखळली. चोरी करू नये, पण पत्नीनेही मरू नये, असे तिचे म्हणणे. हाइन्झ तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली, तर तिच्यापाशी कोण असेल? पैसे उसने मिळतील, औषधविक्रेत्याला समजावून सांगता येईल, असे ती पुन्हा पुन्हा सुचवत राहिली. कोहलबर्ग यांच्या मोजपट्टीवर एमी जेकच्या पूर्ण एक पायरी खाली उतरली. गिलिगन यांचा आक्षेप नेमका इथे होता. एमीला प्रश्न कळला नव्हता असे नाही. तिने निराळाच प्रश्न ऐकला होता. जेकने दोन हक्कांतला झगडा ऐकला, एमीने तुटू पाहणारी नाती ऐकली. गुणपत्रिकेत मात्र पहिल्या ऐकण्यालाच गुण होते.

पुढे या वादाला ‘पुरुषांचा विचार आणि बायकांचा विचार’ असे उथळ रूप आले. नंतरच्या संशोधनांच्या एकत्रित आढाव्यांत स्त्री-पुरुषांमधला असा फरक फारच थोडा आढळला, आणि आपण वर्णिलेला आवाज लिंगाने ठरत नाही हे गिलिगन यांनी स्वतःही पुस्तकात नोंदवलेलेच होते. भेद आहे तो वृत्तींचा. कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांवर लिहिताना विचाराने तोलणारे आणि भावाने तोलणारे असे दोन प्रकार सांगितले आणि दोहोंनाही विवेकाच्याच बाजूला ठेवले. भावाने तोलणे म्हणजे भावनेच्या भरात वाहून जाणे नव्हे, हे त्यांचे म्हणणे पुढे बरेचसे विसरले गेले. हल्ली मोबाइलवर दहा मिनिटांत माणसाचा ‘प्रकार’ चार अक्षरांत सांगणाऱ्या चाचण्या मिळतात. त्यांवर फार विसंबू नये, कारण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर त्याच माणसाची अक्षरे अनेकदा बदलतात.

मग माणूस पाहणारी वृत्तीच श्रेष्ठ मानावी काय? डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सावध करतो. असाध्य आजार असलेल्या एका लहान मुलीची मुलाखत विद्यार्थ्यांना ऐकवण्यात आली. ती साहाय्याच्या प्रतीक्षायादीत होती आणि तिच्यापुढची मुले अधिक गरजू होती. तटस्थपणे ऐकायला सांगितलेल्यांपैकी ३३ टक्क्यांनी तिला रांग मोडून पुढे आणले. तिला काय वाटत असेल याची कल्पना करत ऐकणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी. यादीतल्या इतर मुलांचा आवाज त्यांच्या कानी पडलाच नव्हता. समोरच्या एकासाठी कळवळणारे मन न दिसणाऱ्या दहांवर अन्याय करून जाते, आणि तो केल्याचे त्याला जाणवतही नाही. कोरडा वाटणारा, रांग सोडायला तयार नसलेला कारकून त्या दहांचाच कैवार घेत असतो. त्याचे आभार सहसा कोणी मानत नाही.

आणि तरीही नुसत्या नियमाने भागत नाही, हे महाभारताने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. कर्णपर्वात, युद्धाच्या सतराव्या दिवशी, कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर संतापाने अर्जुनाला म्हणतो की गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असे बोलणाऱ्याचा शिरच्छेद करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो खड्ग उपसतो. समोर थोरला भाऊ आहे, पण अर्जुनाला त्या क्षणी प्रतिज्ञाच दिसते. कृष्ण त्याला कौशिकाची कथा सांगतो. सत्यव्रती कौशिकाने दरोडेखोरांना, पळून लपलेल्या माणसांची वाट खरीखरी सांगितली. ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. व्रत त्याने अक्षरशः पाळले होते.

कृष्ण अर्जुनाला प्रतिज्ञा मोडायला मात्र सांगत नाही. वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणून अवमानित करणे हे त्याच्या वधासमानच आहे, असा मार्ग तो काढतो. अर्जुन युधिष्ठिराला ‘तू’ म्हणून कठोर शब्द ऐकवतो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतले अंतर ठाऊक असलेल्या मराठी कानाला या उपायाची धार वेगळी सांगावी लागत नाही.

प्रतिज्ञा पाळली गेली आणि भाऊही वाचला. हिशेब इथे पुरा होतो. पण व्यासांनी प्रसंग इथे थांबवलेला नाही. युधिष्ठिर शय्येवरून उठतो आणि खिन्नपणे म्हणतो की भीमाला राजा करा, हा मी वनात निघालो. नियमाच्या बाजूने पाहिले तर आता कोणाचे काही देणे उरलेले नाही. तरी कृष्ण त्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि घडले ते सारे समजावून सांगतो. अर्जुनही रडत रडत भावाचे पाय धरतो. युधिष्ठिर त्याला उठवतो, कवटाळतो, आणि दोघेही बराच वेळ रडतात. त्यानंतरच अर्जुनाचा रथ कर्णाच्या दिशेने निघतो.