विज्ञानाच्या वहीतील खरे निरीक्षण
(उच्च प्राथमिक शाळांतील शिक्षकांच्या सभेपुढील भाषण)



सहावी ते आठवीच्या मुलांच्या विज्ञानाच्या वह्या चाळल्या असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण व अनुमान ही पाचही शीर्षके तेथे सुवाच्य अक्षरांत असतात. परंतु पुष्कळदा साऱ्या वर्गाचे निरीक्षण शब्दशः एकच असते. चाळीस मुलांनी एखादी गोष्ट खरोखर पाहिली, तर चाळीस नोंदींत थोडाबहुत फरक पडलाच पाहिजे. तो पडत नसेल, तर ते निरीक्षण मुलांच्या डोळ्यांतून नव्हे, फळ्यावरून वहीत उतरलेले असते.

शाळेत प्रयोगशाळा नाही, हे याचे कारण म्हणून सांगण्यात येते. तथापि १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून प्रयोगांद्वारे विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. गावात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंवर त्याचा भर होता. त्याच उपक्रमाशी संबंध आलेल्या अरविंद गुप्ता यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगकाड्या यांतून भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरात तर असे साहित्य दारोदारी आहे. पुढील तीन प्रयोग त्यावरच होण्याजोगे आहेत.

पहिला प्रयोग सावलीचा. उल्हासनगरात वस्ती दाट; पुष्कळ शाळांना मोठे अंगण नाही. तेथे गच्चीचा सपाट कोपराही पुरतो. हातभर लांबीची सरळ काठी कुंडीतील मातीत रोवावी व ती उभी आहे की नाही हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने पाहावे. पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करून तिची लांबी मोजावी. सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना आरंभीच द्यावी.

'सावली सर्वांत आखूड केव्हा होते?' असे आधी विचारले तर वर्ग 'बारा वाजता' असेच उत्तर देतो. प्रत्यक्षात येथे ती वेळ ऋतुमानानुसार सुमारे १२ वाजून २० मिनिटांपासून १२ वाजून ५० मिनिटांपर्यंत केव्हातरी येते. भारताचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि हा परिसर सुमारे ७३.२ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने येथील मध्यान्ह सरासरीने ३७ मिनिटे उशिरा होते. येथेच शिक्षकाची कसोटी लागते. मुलाने वहीत 'साडेबारा' लिहिले असता ते खोडून 'बारा' करणारा शिक्षक त्या मुलाला एवढेच शिकवितो की, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. 'साडेबाराच का?' असा प्रश्न विचारणारा शिक्षक त्याच नोंदीतून रेखांशांचा धडा उभा करतो.

दुसरा प्रयोग पावसाचा. बदलापूरच्या मुलांना उल्हास नदीचा पूर नवा नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. पाऊस किती पडला, हे मात्र मुलांना स्वतः मोजता आले पाहिजे. सरळ बाजूंच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळाशी खडे घालून बाटली सरळ होते तेथवर पाणी भरावे आणि त्या रेषेस शून्य मानून मोजपट्टी चिकटवावी. बाटली उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करावी व पाणी पुन्हा शून्यावर आणावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. यावरून २० मीटर रुंद व ३० मीटर लांब अंगणावर १० मिलिमीटर पावसाने ६,००० लिटर पाणी पडते, हा हिशेब मुले स्वतः करतील. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदलेल्या ९४४ मिलिमीटर पावसाचा अर्थही मग त्यांना उमगेल.

तिसरा प्रयोग पाणी गाळण्याचा. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीचे पाणी वर्गात कदापि आणू नये. २०१४ च्या नोव्हेंबरात या नदीत ओतलेल्या रसायनांमुळे निघालेल्या वायूने उल्हासनगरातील अनेक रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले होते. म्हणून नळाच्या पाण्यात माती व मीठ कालवून गढूळ पाणी शाळेतच तयार करावे. कापलेल्या बाटलीच्या तोंडाला फडके बांधून त्यावर कोळशाचा चुरा, धुतलेली वाळू आणि खडी यांचे थर द्यावेत व त्यातून पाणी गाळावे. गाळलेले पाणी चाखू देऊ नये. त्याचे काही थेंब काळ्या ताटलीवर उन्हात वाळवावेत. माती वर अडकली, पण मीठ खाली उतरले, हे ताटलीवरील पांढऱ्या डागावरून मुलांना दिसेल. नितळ पाणी शुद्ध असतेच असे नाही, ही गोष्ट या तिन्ही गावांतील मुलांनी आपल्या हातांनी पडताळलेली असणे त्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

तिन्ही प्रयोगांत चार-पाच मुलांचे गट करावेत आणि काठी, बाटली, मोजपट्टी मुलांच्याच हाती असावी. प्रयोगापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज लिहावा, नंतर जे दिसले ते लिहावे. दोहोंत तफावत पडली म्हणून गुण कापू नयेत. दोन गटांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर प्रयोग पुन्हा करून पाहण्यास सांगावे. अशा वह्यांत खाडाखोड अधिक आढळेल आणि टापटीप थोडी उणी राहील. तपासणाऱ्यांनी ती उणीव मानू नये. मुलाने स्वतः पाहिल्याची ती खूण समजावी.