जीवदयेला जमिनीची जोड



तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाचही अतिचार थेट गोठ्याशी जुळतात, हे सहसा ध्यानी येत नाही. मुक्या प्राण्याला मारू नये, उपाशी ठेवू नये, हे सर्वांना पटते. परंतु कत्तलीपासून सोडविलेली गाय पांजरपोळात आणून आठही प्रहर आखूड दाव्याला बांधली, तर पहिल्या अतिचाराचे काय?

मुंबईत 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल उसळली. त्यानंतर 1834 मध्ये शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ उभे राहिले. व्यापाऱ्यांनी मालावर लाग बसवून त्याचा खर्च चालविला. दया आणि खातेवही यांची सोयरीक अशी जुनी आहे.

तोच हिशेब आज मांडून पाहावा. तीनशे किलो वजनाच्या गायीला दिवसाकाठी सुमारे 8 ते 9 किलो कोरडी वैरण लागते. म्हणजे शंभर जनावरांना वर्षाला जवळपास 300 टन! महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि भाकड जनावरांचा प्रश्न वाढला. राज्य मंत्रिमंडळाने 30 सप्टेंबर 2024 रोजी गोशाळांतील देशी गायीमागे दररोज 50 रुपये अनुदान मंजूर केले. स्वागतार्हच आहे, पण चारा, मजुरी, औषधपाणी सारे त्यात बसत नाही. म्हैस, शेळी यांचा तर त्यात विचारच नाही, आणि पांजरपोळाचे दार त्यांनाही बंद नसते.

देणगीदार शेड बांधून देतात, नावाची संगमरवरी पाटी लावतात. चाऱ्याच्या शेतीसाठी, मोकळ्या कुरणासाठी देणारा मात्र विरळा.

आपल्या परिसराला याची वेगळी परंपरा आहे. नागपूर-वर्धा ही गवळाऊ गोवंशाची भूमी. जमनालालजी बजाज यांनी अखेरच्या काळात गोसेवेचे व्रत घेऊन वर्ध्याच्या गोपुरीत झोपडीत वास्तव्य केले. फेब्रुवारी 1942 मध्ये त्यांचे निधन झाले. रामटेक तालुक्यातील देवलापारच्या गो-विज्ञान अनुसंधान केंद्रात गोपालनाची सांगड शेणखताशी, शेतीशी घातलेली आहे. शेण शेतात जाते आणि शेतातून वैरण येते, तेव्हाच भाकड गायही खात्यात केवळ नावे पडत नाही.

पर्युषणात सहकुटुंब पांजरपोळात जाण्याची प्रथा सुंदर आहे. मात्र पोळ्या, भात, गूळ यांचा मारा झाला की जनावराच्या पोटात आम्ल वाढते. प्रसंगी ते दगावते. पुण्याच्या हेतूने दिलेला घास असा जिवावर बेततो. प्लास्टिकची पिशवी तर फाटकाबाहेरच राहावी. त्याऐवजी एका दिवसाच्या कडब्या-कुटाराची पावती घ्यावी, मुलांना चाऱ्याची गंजी आणि खताचा खड्डा दाखवावा, आणि व्यवस्थापकांना आदराने दोन गोष्टी विचाराव्यात : पुढच्या पावसाळ्यापर्यंत वैरण पुरेल काय? आणि जनावरे दिवसातून किती तास मोकळी सुटतात?

जय जिनेंद्र!